बिडी सोडलेल्यांची यादी

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात समाजसेविकेच्या जागेवर रुजू झाली तेव्हा गोपिका ठवकरला वाटलं होतं, आपल्याला बाळंतिणींचा वॉर्ड मिळेल. तिला मिळाला डॉक्टर भुसारींचा गुरुवार.

गुरुवारी सर्जरीच्या ओपीडीत फक्त पायांचे रोगी येत. सगळे पुरुष, तिशी-चाळिशीचे, कमावते. कुणी लंगडत येई, कुणी भावाच्या खांद्यावर हात टाकून, कुणी सायकलच्या कॅरिअरवर बसून. त्यांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या आतून बुजत चाललेल्या असत. आधी चालताना पोटरीत गोळा येई, मग बसल्या जागी पाय ठणकू लागे, मग एखादं बोट काळं पडे, आणि शेवटी ते बोट, कधी गुडघ्यापासून पाय कापावा लागे. डॉक्टर या रोगाला बर्जर म्हणत. रोगी नुसतं म्हणत, पाय धरला. यातला जवळजवळ प्रत्येक जण बिडी ओढणारा होता.

हे १९७३ साल. डॉक्टर भुसारी पंचेचाळिशीचे, उंच, हाताचे कुशल आणि तोंडाचे तिखट. आपल्यापेक्षा लहान माणसांचे पाय कापायची वेळ येते याचा त्यांना मनापासून संताप होता, आणि तो ते रोग्यांवरच काढत. धूम्रपानाने हा रोग होतो हे पुस्तकांत लिहिलेलं होतं, पण ती सगळी पुस्तकं सिगारेटवर. इकडे रोगी म्हणत, बिडी म्हणजे झाडाचं पान, त्यानं काय होते. आणि दर गुरुवारी कुणी ना कुणी विचारी, एकदम नाही सुटत साहेब, पाच पिल्या तर चालेल का? डॉक्टर 'नाही' म्हणत, पण त्या 'नाही'ला आधार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी अभ्यास काढला होता. बिडी पूर्ण सोडली तर पायाचं काय होतं, कमी केली तर काय, आणि तशीच ठेवली तर काय, एवढंच पाहायचं.

ओपीडीच्या लांब व्हरांड्यात दोन खांबांमध्ये तीस फूट अंतर मोजून खडूच्या रेघा मारल्या होत्या. रोग्याला त्या रेघांमध्ये फेऱ्या मारायला लावत. पोटरी धरली की तो थांबे, आणि तोवर किती फूट झाले ते रजिस्टरात जाई. घोट्याजवळची नाडी लागते की नाही, जखम आहे का, बोटं किती, हेही लिहीत. शेवटचा रकाना बिडीचा. तो गोपिकाने भरायचा.

दोन वर्षांत ब्याण्णव रोगी झाले होते. त्यांतल्या एकाहत्तर जणांच्या नावापुढे 'सोडली' असं लिहिलेलं होतं. आणि या एकाहत्तरांपैकी चोवीस जणांची बोटं किंवा पाय गेले होते.

डॉक्टरांनी हे आकडे तिला स्वच्छ कागदावर उतरवायला दिले, कारण डिसेंबरात हैदराबादच्या परिषदेत निबंध वाचायचा होता. कागदावर त्यांनी पेन्सिलीनं निष्कर्षही लिहिला होता. बिडी सोडल्याने या रोगात फारसा फरक पडत असल्याचे दिसत नाही. गोपिकाने ते वाक्य दोनदा वाचलं. ती मौद्याकडची, भातशेती करणाऱ्या घरातली होती. तिच्या गावात दर तिसऱ्या घरी बायका बिड्या वळत. एकाहत्तर माणसांनी बिडी सोडली असती, तर गावोगाव त्याची चर्चा झाली असती.

त्या गुरुवारी तिने एक काम केलं. ओपीडीच्या मागे एक कडुनिंब होता, आणि तिथे जायला व्हरांड्यातूनच वाट होती. सफाईवाली कौसल्या सकाळी सातला ती जागा झाडून जाई. दुपारी एक वाजता, शेवटचा रोगी गेल्यावर, गोपिका झाडाखाली गेली आणि बिड्यांची थोटकं वेचून आणली. सदुसष्ट भरली. ड्रेसिंगच्या रिकाम्या ट्रेमध्ये घालून तिने तो ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"आजची ओपीडी, सर. तेवीस रोगी होते. एकोणीस जणांपुढे मी 'सोडली' लिहिलंय."

डॉक्टर म्हणाले, नातेवाईकांच्या असतील. गोपिका म्हणाली, नातेवाईक सोळा होते आणि त्यांत नऊ बाया. तरी अर्ध्या बिड्या त्यांच्या धरल्या तर तेहेतीस-चौतीस उरतातच. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पुढच्या गुरुवारी एकेकाला उभं करून विचारतो, म्हणाले. खोटारड्यांची नावं कापून टाकतो.

"त्यानंच तर झालंय हे," गोपिका म्हणाली. "बिडी ओढणाऱ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगता. मग खरं कोण सांगेल? माझा पाय असता तर मीही नसतं सांगितलं."

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि नोकरीला आठ महिने झाले होते. डॉक्टरांनी तिला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर तिला बोललेल्यातला एक शब्दही परत घ्यावासा वाटला नाही. घरी जाऊन ती व्यवस्थित जेवली.

सोमवारी डॉक्टरांनी तिला बोलावलं. ट्रे अजून टेबलाच्या कोपऱ्यात होता. खुर्चीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, तुम्ही असता तर कसं केलं असतं?

तिने विचार करून ठेवलेला होता. वह्या दोन करायच्या. डॉक्टरांच्या वहीत पाय: नाडी, फूट, जखम. तिच्या वहीत फक्त बिडी. दोन्हींत नाव नाही, नंबर. तिची वही तिच्या कपाटात, किल्ली तिच्याजवळ, आणि दोन वर्षं पुरी होईपर्यंत डॉक्टरांनी ती पाहायची नाही. ऑपरेशन करायचं की नाही ते नुसत्या पायाकडे बघून ठरवायचं. बिडीबद्दल डॉक्टरांनी एकदाच, सोडा म्हणून सांगायचं, विचारायचं मात्र नाही.

डॉक्टर म्हणाले, म्हणजे बिडी ओढणाऱ्यांची ऑपरेशनं मी फुकट करत बसू?

"फुकट जातात का तेही कळेल, सर."

हैदराबादला त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी ते व्हरांड्यात येऊन उभे राहिले, कारण गोपिकाची तशी अट होती. हे तिने नव्हे, त्यांनी सांगायला हवं होतं. त्यांना असं बोलायची सवय नव्हती. त्यांनी दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, बिडी सोडा हे माझं सांगणं आहे आणि ते कायम आहे. पण कोण ओढतो ते आजपासून मी विचारणार नाही. ठवकरबाई विचारतील. त्यांना सांगितलेलं माझ्यापर्यंत येणार नाही आणि त्यावरून कुणाचं औषध किंवा ऑपरेशन थांबणार नाही. बाकांवरचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. कुणाचा विश्वास बसला नाही.

विश्वास बसवायला गोपिकाला पाच-सहा महिने लागले. दवाखान्यात विचारून उपयोग नाही हे ओळखून ती घरी जाऊ लागली. आठवड्यातले दोन दिवस एसटी, दोन दिवस शहर. जरीपटक्यात, गांधीबागेत, मौद्याकडच्या खेड्यांत. "सोडली का" असं ती कधी विचारत नसे. ती विचारी, काल सकाळी पहिली बिडी केव्हा पेली? एवढ्या साध्या प्रश्नानं माणसं भराभर बोलत. गांधीबागेत कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी ओढणारा भैयाजी होता, त्याला हसू आलं. तो म्हणाला, "बाई, गिनती कौन रखता? एक कट्टा दुपारपर्यंत खतम होते." कट्ट्यात पंचवीस बिड्या असत. तिने तसं लिहून घेतलं, उपदेश केला नाही. पुढच्या महिन्यात भैयाजीने आपण होऊन आकडा सांगितला.

नंबर सदतीस होता शालिकराम हटवार. मौद्यापासून तीन मैलांवर सावरबोडी गावात त्याची थोडी धानाची जमीन आणि मिरचीचं वावर होतं. वय छत्तीस. भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहताना डावा पाय बधिर व्हायचा, तिथून त्याचं दुखणं सुरू झालं. त्याची बायको जिजाबाई घरी बिड्या वळायची. गोपिका पहिल्यांदा गेली तेव्हा जिजाबाई ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात कापलेली तेंदूची पानं, बाजूला जर्दा, आणि बोटं अशी चालत होती की पाहुणीशी बोलताना तिने एकदाही खाली पाहिलं नाही.

शालिकरामाने आडपडदा ठेवला नाही. "चार पेतो जी. सकाळी एक, वावरात दोन, अन् जेवण झाल्यावर एक. पहिले तीस प्यायचो." मग त्याने तोच प्रश्न विचारला, जो डॉक्टरांना सगळे विचारत. "चार तं चालते ना, ताई?"

गोपिका गावच्याच बोलीत म्हणाली, "डाक्टर म्हणतात एक बी नको. पण चारनं खरंच काय होते ते मले माहीत नाही, भाऊ. तेच पाहाले वही केली."

शालिकरामाला हे उत्तर आवडलं. दवाखान्यातलं कुणी 'माहीत नाही' म्हणतं हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं, असं तो नंतर म्हणाला. तीसवरून चारवर आल्याचा त्याला अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता. घरात बिड्यांचा ढीग असताना तो मोजून चार उचलायचा. हे सोपं नाही, हे गोपिकाला दिसत होतं.

सप्टेंबरात डॉक्टर भुसारींनी त्याचं ऑपरेशन केलं. कमरेच्या आतल्या बाजूने पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा एक तुकडा काढून टाकत, म्हणजे कातडीकडचा रक्तपुरवठा वाढे. ऑपरेशन छान झालं. बर्फासारखा असायचा तो पाय दुसऱ्या दिवशी गरम लागला. बोटावरची जखम महिन्याभरात भरली. खांबांच्या रेघांमध्ये शालिकराम दीडशे फुटांवरून चारशे फुटांवर गेला. डॉक्टर त्या दिवशी रोग्याच्या पाठीवर थाप मारून हसले. दिवाळीनंतर धान कापणीला शालिकराम स्वतः वावरात होता.

एप्रिलमध्ये तो परत आला. अंगठ्याच्या टोकाला मसुराएवढा काळा डाग होता, आणि एकशेवीस फुटांवर त्याने खांब धरला.

त्या दिवशी ओपीडी संपल्यावर डॉक्टर बराच वेळ आपली वही उघडून बसले. गोपिका कपाट लावत होती. ते म्हणाले, या सदतीस नंबरचं मला कळत नाही. ऑपरेशनमध्ये काही राहिलं नव्हतं. पाय गरम झाला होता, मी स्वतः हात लावून पाहिलाय. मग पुन्हा का? बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि विचारायचं नाही हे आठवून नजर खाली घेतली. गोपिकाला उत्तर माहीत होतं. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी गेली.

पुढच्या आठवड्यात जिजाबाई एकटीच नागपूरला आली. नवऱ्याला सांगून आली नव्हती. गोपिकाच्या खोलीत जमिनीवरच बसली, खुर्ची नको म्हणाली. तिचं म्हणणं सरळ होतं. ताईंनी डॉक्टरांना सांगून टाकावं. डॉक्टर मोठा माणूस, रागावतील, धाक घालतील, मग तरी सुटेल. "माह्यं तं ऐकत नाही. म्हणते, चारच तं पेतो, तूच तं हजार वळते. मी काय बोलू?"

गोपिकाने तिला पाणी दिलं. मग म्हणाली की मी सांगणार नाही. मी शब्द दिला आहे; तुमच्या घरच्यांना आणि आणखी एक्याण्णव घरांना. आज एकाचं सांगितलं तर उद्या सगळे पुन्हा 'सोडली' म्हणतील, आणि चार चालतात की नाही हे कुणालाच कधी कळणार नाही.

जिजाबाई म्हणाली, "तवरोक पाय जाईन त्याहिचा."

जिजाबाई दुपारच्या गाडीने परत गेली. गोपिका आपली वही काढून बसली. डॉक्टरांची वही तिने पाहिली नव्हती, पण दर गुरुवारी व्हरांड्यात ती हजर असे. कोण लंगडतो, कुणाच्या पायाला पट्टी आहे, कोण आता कुबडीवर येतो, हे तिच्या डोळ्यांना दिसतच होतं. एक ते पाच बिड्या ओढणाऱ्यांचे नंबर तिने एका चिठ्ठीवर उतरवले आणि त्यांचे चेहरे एकेक करून आठवले. आठवून झाल्यावर तिने ती चिठ्ठी फाडली. तिच्या मनात आता शंका उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, वह्या आता जोडू या.

डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं ठरली होती, आठ महिने बाकी आहेत. ही सगळी शिस्त तुमचीच. आता तुम्हीच मोडायला निघालात?

"हो. अठ्ठावीस घरी मी दर महिन्याला जाते आणि सांगते, थोड्या बिड्यांनी काय होतं मला माहीत नाही. सुरुवातीला ते खरं होतं. आता तसं सांगताना मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. आकडे माझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तर मी पुढचे आठ महिने गप्प बसेन. पण पाहायला हवं, सर."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, शनिवारी दुपारी.

शनिवारी कचेरी बंद झाल्यावर दोघं समोरासमोर बसले. मधे एक कोरा कागद, त्यावर तीन रकाने. गोपिका नंबर आणि बिड्या वाचायची, डॉक्टर पाय वाचायचे, आणि तीच कागदावर खूण करायची. नंबर एक, शून्य बिड्या. पाचशे फूट, जखम नाही. दोन, तीस बिड्या. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. तीन, चार बिड्या. दोन बोटं गेली. पहिल्या वीस नंबरांपर्यंत डॉक्टर मधेमधे काही बोलत होते. नंतर ते नुसते पाय वाचू लागले. सदतीसला गोपिकाने "चार" म्हटलं तेव्हा त्यांनी वहीवरून मान वर केली, आणि पुढे वाचू लागले.

चार रोगी मधे गाव सोडून गेले होते. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींमध्ये खरोखर बिडी सोडलेले एकोणतीस निघाले. त्यांच्यातल्या दोघांची बोटं गेली होती, पाय एकाचाही नाही. पूर्वीसारख्याच ओढणारे एकतीस. त्यांतल्या सतरांची बोटं किंवा पाय गेले होते. आणि एक ते पाच ओढणारे अठ्ठावीस. त्यांतल्या पंधरांची.

डॉक्टरांनी शेवटच्या दोन बेरजा स्वतः पुन्हा केल्या. मग पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे चार आणि तीस एकच," ते म्हणाले. "मी बारा वर्षं तोंडानं 'नाही' म्हणतोय, पण मनात वाटायचं, निदान कमी तरी करतील." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यानंतर त्यांनी जे केलं ते गोपिका पुढे अनेकांना सांगायची: त्यांनी स्वतःवर किंवा कुणावर त्रागा केला नाही. विचारलं, या अठ्ठावीस जणांकडे तुम्ही किती दिवसांत पोचाल? ती म्हणाली, दहा. ते म्हणाले, मी दवाखान्याची जीप मागतो, सहा दिवसांत करा.

पहिल्या दिवशी ती सावरबोडीला गेली. शालिकराम ओसरीवरच्या खाटेवर पाय खाली सोडून बसला होता, कारण पाय वर घेतला की ठणका लागे. अंगठा आता मुळापर्यंत काळा झाला होता. जिजाबाई खालीच बसून वळत होती. गोपिका खाटेच्या कडेला बसली. कुणाचंही नाव न घेता तिने आकडे सांगितले, आधी सोडलेल्यांचे, मग भरपूर ओढणाऱ्यांचे, मग थोड्या ओढणाऱ्यांचे. हळूहळू सांगितले, त्याला मनात मांडता यावेत म्हणून. जिजाबाईची बोटं थांबली.

शालिकरामाने काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे चार बी कामाच्या नाही."

"एक बी नाही."

"मंग एवढे दिवस काहून नाही सांगितलं, ताई?"

"माहीत नव्हतं, भाऊ. परवा कळलं. सगळ्यात पहिले तुमच्याकडे आली."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ही बाई माहीत नसताना 'माहीत नाही' म्हणाली होती, तेव्हा आता 'माहीत आहे' म्हणते तर ते खरं असणार, असा काहीसा हिशेब त्याने केला असावा. बनियनच्या खिशात दोन बिड्या होत्या, त्या काढून त्याने जिजाबाईच्या सुपात टाकल्या. म्हणाला, "घे वं. तुह्या कट्ट्यात बांध."

त्या दिवसानंतर त्याने बिडी ओढली नाही, पण पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. पहिले पंधरा दिवस तो घरात कुणाशी नीट बोलला नाही. एकदा जेवणाचं ताट लोटून दिलं, एकदा बैलाला विनाकारण मारलं आणि मग त्याच्याच मानेला हात लावून उभा राहिला. जिजाबाई त्याच्या खिशात भाजलेली जवस बांधून द्यायची. तल्लफ आली की तो ती चघळायचा. अंगठा आणि शेजारचं बोट वाचलं नाही. जुलैत डॉक्टर भुसारींनी ती दोन बोटं काढली. पण या वेळी जखम भरली, आणि भरलेलीच राहिली. दर महिन्याला खांबांमधले फूट वाढत गेले. दोनशे, तीनशे चाळीस, सहाशे. आठशेच्या पुढे डॉक्टर म्हणाले, पुरे, माझा चपराशी मोजून थकला.

अठ्ठावीसपैकी सतरा जणांनी त्या पावसाळ्यात बिडी पूर्ण सोडली. अकरांनी नाही. भैयाजी तर भरपूर ओढणाऱ्यांतला होता. त्याच्याकडेही गोपिका गेली, त्यानेही आकडे नीट ऐकले, मान हलवली, आणि सोडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा पाय गेला. गांधीबागेतल्या एका दुकानदाराने त्याला दाराशी बसवलं, आलेले गठ्ठे मोजून घ्यायला. गोपिका तिकडून गेली की थांबत असे. भैयाजी तिच्याशी कधी खोटं बोलला नाही. "बीस," तो म्हणायचा, आणि दुसरीकडे बघायचा. ती लिहून घ्यायची. त्या भेटीनंतर घरी जाताना तिचं मन जड व्हायचं, पण तिने जायचं सोडलं नाही.

निबंध पूर्ण झाला तेव्हा टाइप केलेल्या पहिल्या पानावर डॉक्टरांचं एकट्याचं नाव होतं. गोपिकाने ते पान वाचलं आणि म्हणाली, इथे माझंही नाव यायला हवं. डॉक्टर म्हणाले, समाजसेविकेचं नाव घालायची पद्धत नाही. शेवटी आभार मानलेले आहेत. ती म्हणाली, दोन वह्यांतली एक माझी आहे, सर. ती काढून घेतली तर निबंधात नुसते फूट उरतात. डॉक्टर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी ते पान पुन्हा टाइप करायला पाठवलं. डिसेंबरात परिषदेत कुणीतरी उठून विचारलं, तुमचे रोगी खरं बोलले कशावरून? डॉक्टरांनी सांगितलं, ते ठवकरबाईंना विचारा, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. गोपिका उठली आणि तिने दहा मिनिटं कुठेही न अडखळता उत्तर दिलं.

त्यानंतर त्या ओपीडीत नवा रोगी आला की त्याला पहिल्याच दिवशी तीन आकडे सांगायची पद्धत पडली. पाच चालतील का, या प्रश्नाला आता उत्तर होतं.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत गोपिका दुसऱ्या कामासाठी मौद्याला गेली होती. बाजाराचा दिवस होता. सावरबोडीच्या रस्त्याने लोक चालत येत होते आणि त्यांत शालिकराम होता, डोक्यावर लाल मिरच्यांचं बोचकं, पायात टायरच्या चपला, डावीला पुढून चिंधी गुंडाळलेली. तीन मैल आला होता. शेजारी रुपराव बैलगाडी घेऊन निघाला होता, बस म्हणत होता, तर शालिकरामाने त्याला सांगितलं, "तू हो गा पुढे, मी येतो पायानं." जिजाबाई बरीच मागे राहिली होती. ती अजून बिड्या वळते का, असं गोपिकाने विचारलं. शालिकराम म्हणाला, वळते ना, अन् पानं मी कापून देतो. हलवायानं काय आपली मिठाई खाल्लीच पाहिजे का?

जिजाबाई धापा टाकत येऊन पोचली. तिने पदराने तोंड पुसलं आणि गोपिकाकडे तक्रार केली, "सांगा ना ताई याहिले. थांबतच नाही कुठी. मले संगं चालणं होत नाही."

शालिकरामाने डोक्यावरचं बोचकं जरासं सरकवून नीट केलं, आणि बाजारातल्या मिरचीवाल्यांच्या ओळीकडे चालू लागला.